पडद्यावरची चिठ्ठी

जुन्या संगणकाच्या पडद्यावर त्याच्याच पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि अडतीस वर्षांत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आज सकाळी नव्या सुरक्षा अधिकाऱ्याने ती काढली आणि कागद कातरायच्या यंत्रात घातली. वाचली नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वाचणं नियमात बसत नाही.

"आता हा सुरक्षित," तो म्हणाला.

"एकदम," निवृत्त प्रोग्रामरबाई म्हणाल्या. "आता आपणही आत जाऊ शकत नाही."

बाईंना त्यासाठीच बोलावलं होतं. आत नदीची रोजची पातळी नोंदवलेली होती. त्यांच्या ताईने सत्तावीस वर्षं रोज सकाळी पुलाखाली उतरून मोजलेली. ताई आता नव्हती. तिच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. आणि पाच वाजता हा संगणक न्यायला भंगाराचा टेम्पो येणार होता.

"पासवर्ड तुम्हीच ठेवलात ना मॅडम? आठवा की."

"डोळ्यांसमोर लिहिलेलं कोण पाठ करतं?"

चार वाजले.

"पूर्वी काही अडलं की आम्ही झोपायचो," बाई म्हणाल्या. तेव्हा यंत्राला एका गणिताला दोन तास लागत. बाई टेबलावर डोकं टेकायच्या, उत्तर झोपेत यायचं, आणि ताई चहा घेऊन उठवायची.

अधिकाऱ्याने नियमावली चाळली. झोपेला मनाई नव्हती. फक्त यंत्राच्या खोलीत कोणाला एकटं सोडायचं नव्हतं. तो समोरच्या खुर्चीत बसला. पंखा घरघरत राहिला.

स्वप्नातही तीच खोली होती. फक्त नदी घोट्यापर्यंत आली होती आणि त्याचं कोणाला विशेष वाटत नव्हतं. दाराशी अधिकारी उभा.

"ओळखपत्र?"

"अहो, स्वप्न माझं आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"कोण आहे गं?" आतून ताईचा आवाज आला. "त्यालाही घे आत. आपल्या दाराला कडी कधी होती?"

ताई टेबलावर बसून पट्टीने पाणी मोजत होती. बाईंनी पासवर्ड विचारला. ताईने तो खणखणीत सांगितला, पार पुलापर्यंत ऐकू जाईल असा.

बाई जाग्या झाल्या तेव्हा पाचला दहा कमी होते. ताईचा आवाज कानात होता. शब्द तेवढा निसटला होता.

"गेला," त्या म्हणाल्या. "हातातोंडाशी येऊन गेला."

समोर अधिकारी डोळे चोळत होता. त्याच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमच्या ताई फार मोठ्याने बोलतात."

"मग सांगा ना."

"पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. अधिकाऱ्याने नियमावलीकडे पाहिलं, मग बुटांकडे. नियमावलीचं शेवटचं कोरं पान फाडून त्यावर काहीतरी खरडलं, पडद्यावर चिकटवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी काही सांगितलेलं नाही," तो भिंतीला म्हणाला.

बाईंनी एकेक अक्षर बघून बघून दाबलं. पडदा जरा विचारात पडला, मग पहिली नोंद उमटली. सोमवार, सकाळचे सहा. चार फूट दोन इंच. शेरा: पाणी शांत, धाकटी अजून झोपलेली.