गळ्यातली सुरी

सुन्ना रेनडिअरच्या पाडसाचे मागचे पाय धरायला वाकली आणि तिच्या कोटाच्या गळ्यातून काहीतरी घसरून बाहेर लोंबायला लागलं. गारेन दोन-चार हातांवरच होती. तिने स्वतःचं पाडस गुडघ्यांत दाबून धरलं होतं, डाव्या हातात सुरी होती, कानाचा पहिला काप घेऊन झाला होता आणि दुसरा घ्यायचा होता. तो तसाच राहिला.

लोंबत होती ती एक सुरी. छोटीशी, शिंगाच्या म्यानातली, लाल-निळ्या विणलेल्या नाडीला अडकवलेली. सुन्नाने ती घाईघाईने छातीशी दाबली आणि परत कोटात सारली. पण तेवढ्यात गारेनला तिची मूठ दिसली. मुठीत शिंग आणि लाकूड जिथे जुळतं तिथे बर्च झाडाच्या सालीची एक बारीक पट्टी बसवलेली होती. अशी पट्टी आमच्या सगळ्या भागात एकच माणूस घालायचा. तो गारेनचा नवरा, नीलास. गेल्या वसंतात तळ्यावरचं बर्फ फुटलं आणि तो बर्फगाडीसकट खाली गेला.

"ताई, कुठं बघतेस? सुटेल ते," सुन्नाचा भाऊ योव्ना कुंपणाच्या पलीकडून ओरडला.

गारेनने दुसरा काप घेतला. हात सवयीचा होता म्हणून खूण बरोबर उमटली. कानाचे तुकडे तिने मोजणीसाठी खिशात टाकले आणि पाडस सोडलं. ते आईला हाका मारत पळालं.

सप्टेंबर संपत आला होता. उन्हाळ्यात डोंगरावर हाती न लागलेली पाडसं आता आयांबरोबर खाली आली होती आणि शिंगं घासायला लागलेल्या नरांचा माज सुरू व्हायच्या आत त्यांच्या कानांवर ज्याच्या त्याच्या खुणा करायच्या होत्या. आमच्या चार घरांचा कळप एकत्र. त्यामुळे या दिवसांत सगळे एकाच कुंपणात, एकाच चिखलात आणि एकाच किटलीची कॉफी पिणारे. एखाद्याचं तोंड बघायचं नसेल तर जायला जागा नाही.

कॉफीला सगळे शेकोटीपाशी बसले. हेयका काका तिथे सकाळपासूनच बसलेले होते. हे नीलासचे चुलते. आता त्यांच्याने पाडस धरवत नाही, पण सल्ला देण्यात ते कुणाला ऐकत नाहीत. गारेनने कॉफीत चीजचा तुकडा टाकला आणि तो मऊ पडायची वाटही न बघता ती म्हणाली, "सुन्ना, गळ्यात काय घातलंयस गं? दाखव की आम्हाला."

"काही नाही ताई. साधी सुरी आहे."

"कमरेला पट्टा आहे ना तुझ्या? का कंबर झिजली?"

योव्ना हसला. सुन्नाने मान खाली घातली आणि वाळलेल्या मांसाचा तुकडा चघळत राहिली. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, भावाच्या घरात राहणारी ही बाई. नाड्या आणि पट्टे विणण्यात मात्र तिचा हात कुणी धरत नाही. आमच्यातल्या निम्म्या बायका तिने विणलेले पट्टे बांधून लग्नाला उभ्या राहिल्या.

"गळ्यातली सुरी काही वाईट नसते," हेयका काका म्हणाले. "हिवाळ्यात अंगावर तीन कोट. पट्टा कितव्या कोटाखाली आहे ते सापडेस्तोवर दोरात अडकलेलं जनावर मरून जातं. गळ्यात हात घातला की आली हातात. गाडीवर बसलं तरी मांडीत टोचत नाही."

"आणि वाकलं की?" गारेन म्हणाली. "आत्ताच बघितलं ना, कशी बाहेर पडली ती. दिवसातून शंभरदा वाकतो आपण. धावलं की छातीवर धपाधप आपटणार. चुलीशी गेलं की रश्श्यात बुडणार. घामाने पातं गंजणार. आणि एखाद्या मादीच्या शिंगात नाडी अडकली तर? ती काय थांबून सोडवू देणार आहे? नेईल फरफटत."

"झोपल्यावर हनुवटीत टोचते, हे राहिलं," काका म्हणाले. "कमरेची बसल्यावर टोचते, गळ्यातली झोपल्यावर. माणसानं उभंच राहावं."

"दुकानात विकतात तसल्या, तिकडं कौतोकेइनो गावात. पाहुणे घेऊन जातात. रोज काम करणाऱ्या माणसाचं नाही ते."

"नाडी अडकली तर तुटते ताई," सुन्ना हळूच म्हणाली. "मानेपाशी एक धागा कच्चा ठेवलेला असतो."

"तुला बरं माहीत सगळं."

काकांनी कपात कॉफी ओतता ओतता सहज विचारलं, "केली कुणी?"

सुन्नाने तोंडातला घास गिळला. "नीलासनं."

योव्ना उठून उगाच दोर गुंडाळायला लागला. इतकी वर्षं सुन्ना त्याला नीलासभाऊजी म्हणायची. ते भाऊजी आज कुठे गेले, हे गारेनने बरोबर टिपलं. तिने उरलेली कॉफी शेकोटीत फेकली आणि पुन्हा कुंपणात शिरली.

नंतर तिचं कामात लक्ष लागेना. पाडस धरताना, दोर टाकताना तिची नजर सुन्नाच्या कोटाच्या गळ्याकडे जायची. तिला मार्च महिना आठवला. नीलासची गाडी दोनदा सुन्नाच्या दारात दिसली होती. "योव्नाची गाडी बिघडलीय, बघायला गेलो होतो," तो म्हणाला होता. योव्ना तेव्हा कळपाबरोबर डोंगरात होता, गाडीसकट. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं, पण संशय घ्यायची तिला सवयच नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात नीलासने तिला लग्नातली कमरेची सुरी दिली, सुयांची डबी दिली, प्यायचा लाकडी प्याला दिला. गेली कित्येक वर्षं मात्र काही नाही. ती म्हणायची, हात थकले आता त्याचे. हात थकले नव्हते तर. दुसऱ्या घरी राबत होते.

तिला सुन्नाचा मत्सर वाटत होता आणि तो लपवायची तिला काही गरजही वाटत नव्हती. सुन्ना सुरी काढायची तेव्हा मनगट मुरडून, कशीबशी काढायची. तेही गारेनच्या डोळ्यांत खुपलं. धड वापरताही येत नाही आणि मिरवते. सगळ्यात जास्त जळत होतं ते वेगळंच. नीलास गेल्यापासून त्याचं दुःख तिचं एकटीचं होतं. तेवढी एक गोष्ट तिच्याकडे पुरी होती. आता त्यातही वाटेकरी निघाली होती, आणि ज्याला जाब विचारायचा तो चर्चच्या मागे मातीत होता.

दुपार कलली तेव्हा तिने जे म्हटलं होतं तेच झालं. सुन्ना एका पाडसावर वाकली होती, सुरी पुन्हा बाहेर लोंबत होती, आणि त्या पाडसाची आई मागून उसळली. शिंगाच्या फाट्यात नाडी अडकली. सुन्ना दोन पावलं फरफटली. गारेनच्या मनात त्या वेळी जे आलं ते चांगलं नव्हतं. मग नाडी मानेपाशी पट्‌कन तुटली. सुन्ना तोंडावर चिखलात पडली आणि मादी शिंगाला सुरी लटकवून कुंपणाला गोल गोल पळायला लागली, घंटा बांधलेल्या म्होरक्यासारखी.

"धरा, चोर पळाला," हेयका काका बाहेरून म्हणाले. योव्नाला हसू आवरेना.

सुरी शिंगातून निसटून गारेनच्या पायाशीच पडली. तिने उचलली. बघायचं म्हणून तिने ती म्यानातून काढली आणि पातं सरळ, अजिबात न अडकता, बाहेर आलं. मनगट मुरडायला लागलं नाही. तिने ती परत आत घातली आणि पुन्हा काढली. म्यानाला वाक होता, पण तो उलट्या बाजूचा होता. मुठीवर अंगठ्यासाठी कोरलेला खळगाही उलट्या बाजूला होता. तिचा डावा अंगठा त्यात जाऊन बसला.

लहानपणापासून तिने दुसऱ्यांच्या हातांसाठी केलेल्या सुऱ्या वापरल्या होत्या. लग्नातली सुरीसुद्धा उजव्या हाताचीच होती. नीलासला तेव्हा कुठे माहीत होतं?

सुन्ना उठून कुंपणाच्या कोपऱ्यात उभी होती. मानेवर लाल वळ उठला होता, तोंडावर चिखल होता. गारेन तिच्यापाशी गेली.

"ही डाव्या हाताची आहे."

सुन्नाने मानेवरचा वळ चोळला.

"आपल्या चार घरांत डावखुरं कोण आहे गं?"

"तू."

"मग?"

सुन्नाने बाहीने तोंड पुसलं. त्याने चिखल आणखी पसरला. "नाडी विणायला आणून दिली होती मला. ईस्टरला द्यायची होती तुला. म्हणाला, तिची बोटं आखडतात, पट्ट्याशी झटापट करते आणि शिव्या घालते. गळ्यात घाल म्हटलं तर म्हणते, मी काय वासरू आहे घंटा बांधायला?"

हे गारेन खरंच म्हणाली होती. तो हसला होता आणि विषय तिथेच संपला होता, असं ती समजली होती.

"मला म्हणाला, मानेपाशी एक धागा कच्चा ठेव. ही बाई जनावराशी झोंबायला जाते. मान गेली तर मला शिव्या कोण घालणार?"

"मग ईस्टर यायच्या आत तो गेला," गारेन म्हणाली.

"पुरायच्या दिवशी खिशात घेऊन आले होते मी. तू कुणाकडे बघतसुद्धा नव्हतीस. म्हटलं, उद्या देऊ. मग परवा. एक दिवस सहज गळ्यात घालून बघितली. आणि मग काढवेना."

"का?"

"माझ्यासाठी कधी कुणी काही केलेलं नाही ताई. मी सगळ्यांच्या नाड्या विणते. लग्नाच्या, पाळण्याच्या. कुणाच्या मनातही येत नाही." तिने गारेनकडे बघितलं. "काही नव्हतं आमच्यात. त्याला तर माहीतही नव्हतं. मला तुझा हेवा वाटायचा. तो गेला तेव्हाही वाटला. तुला चारचौघांत रडता तरी आलं."

गारेनला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचललाही असता, पण त्या हातात सुरी होती.

"उन्हाळाभर उलट्या हाताने काढत होतीस?" तिने विचारलं.

"सवय होते."

गारेनने तुटलेली नाडी सुन्नाच्या हातात दिली आणि सुरी स्वतःकडे ठेवली. "विणून दे. आणि कच्चा धागा होता तसाच घाल."

संध्याकाळी सुन्ना शेकोटीपाशी बसून ती नाडी सांधत होती. गारेन समोर बसून एकटक बघत होती. काकांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. नाडी सांधून झाल्यावर सुन्नाने ती दोन्ही हातांनी पुढे केली. गारेनने ती गळ्यात घातली आणि तंबूत निघून गेली. रश्श्याची वाटी तिने कुणाच्या हातून घेतली नाही.

सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. राहिलेली पाडसं कुंपणात घेतली. गारेन पहिल्याच पाडसावर वाकली आणि सुरी कोटातून घसरून पाडसाच्या नाकावर आपटली. ती पुटपुटली, सुरी आत सारली आणि पुन्हा वाकली. सुरी पुन्हा बाहेर आली. काल शेकोटीपाशी ती जे जे बोलली होती ते सगळं खरं होतं. ही सुरी रोजच्या कामाची नव्हती. नीलास समोर असता तर तिने त्याला हे दिवसभर ऐकवलं असतं, आणि सुरी मात्र गळ्यातून काढली नसती.

तिने मान वर केली. पलीकडे सुन्ना एका पाडसाचे पाय धरायला वाकत होती. वाकता वाकता तिचा उजवा हात आपोआप छातीशी गेला, कोटावर दाबून राहिला, आणि तिथे काहीच नाही हे कळल्यावर हळूच खाली आला.

गारेनने ते बघितलं आणि तिचा जीव पुन्हा कालच्यासारखा जळला. सुरी परत मिळाली होती. पण नीलासची सुरी छातीशी धरून वाकायची ही सवय तिला लागायची होती, ती दुसरीला लागली होती. ती काही मागून घेता येत नव्हती.

सुन्नानेही तिला बघितलं. चोरी पकडल्यासारखी ती लाल झाली. मग म्हणाली, "ताई, आधी हात छातीवर ठेवायचा. मग वाकायचं."

पाडस चुळबुळ करत होतं. गारेनने डावा हात छातीवर ठेवला, कोटाखाली सुरी हाताला लागली, आणि मग ती वाकली.