नावाडी शेवटी बुडतो

मी एक जुनी कादंबरी आहे. मित्रांनो, माझ्यात एक नावाडी आहे आणि तो शेवटी बुडतो. आधीच सांगितलेलं बरं; आमच्या घरात हे कुणापासूनच लपलेलं नाही.

छापखान्यात मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे चौदा फर्मे शिवून मी झाले. एका नर्सबाईंनी मला कोरी करकरीत घरी आणलं. पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं. पुढे माझ्यावर औषधांचा डबाही ठेवला. पण दरवर्षी सुट्टीत त्या मला वाचायच्या आणि नाक पुसत मिटायच्या. त्यांच्यापायी मी त्या नावाड्याला सव्वीस वेळा बुडवलं. अजून हात बसलेला नाही.

यंदा बाईंना हृदयाचा झटका येऊन गेला. घरी येताच त्यांनी मला मागितलं. मुलगा धास्तावला.

"आई, तो बुडतो हे पाठ आहे तुला. मुद्दाम रडायला कशाला बसतेस?"

"अरे, दोनशे पानं जिवंत असतो की! तेवढं भेटून येते."

मुलाला पटलं नाही. शिवण उसवलीय असं सांगून त्याने मला बाइंडरकडे नेलं.

"शेवटची चार पानं काढा."

"पुस्तकाला कात्री लावत नाही मी, साहेब. निघेल तर अख्खा फर्मा."

"मग अख्खा काढा."

बाईंनी मला वाचलं. दोनशे आठव्या पानाखाली पुठ्ठाच आला. त्या रडल्या नाहीत. मुलगा दारातून बघत खूश.

"बुडायच्या आदल्या दिवशी तो म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन नदी दाखवतो," त्या म्हणाल्या, "ते कुठंय रे?"

मुलाचा चेहरा उतरला. त्याने मला कधी वाचलंच नव्हतं. शेवट तेवढा ऐकून माहीत.

"तुझ्या काळजीने काढलं गं."

"काळजी डॉक्टर करतात. तू पानं आण."

तो धावतच बाइंडरकडे गेला. फर्मा खळीच्या भांड्याखाली सापडला, चिकट पण शाबूत. घरी येऊन त्याने स्वतःच आईला वाचून दाखवायला घेतला. नदी, पाठीवरची आई, तिचं हसणं. मग पूर आला आणि मुलगाच नाक पुसू लागला.

"दे इकडे," बाई म्हणाल्या. "पुढचं मी वाचते. तुझी पहिलीच वेळ आहे."

मित्रांनो, पुस्तकाची शिवण सुटली तर जरूर घालून घ्या. आणि कुणी रडवणारं पुस्तक पुन्हा मागितलं, तर मुकाट्याने द्या. जमलं तर शेजारी बसा.