चौथ्या खांबातला घोडा

मस्कतला आमच्या कंपनीची नवी प्रयोगशाळा सुरू होणार होती आणि आखातातल्याच आमच्या सलमाबादच्या प्रयोगशाळेतून एकाच केमिस्टला तिथे पाठवायचं होतं. ती मीच असणार, असं मी धरून चालले होते. तेलाचे नमुने क्रोमॅटोग्राफ मशीनवर तपासायची पद्धत मी बसवली होती, तीही रोजचं काम उरकल्यावर, थांबून. रोजचं काम म्हणजे नमुने स्वीकारणं. बाटली घ्या, लेबल लावा, फ्रिजमध्ये ठेवा. त्या खोलीला खिडकी नाही. दुपारी बाहेर पडलं की ऊन आहे हे आठवून दचकायला होतं.

त्या खोलीत मला लिम सरांनी बसवलं, माझी पत्रिका बघून.

आपली पत्रिका नव्हे, चिनी. लिम सर आमचे मॅनेजर, मूळचे मलेशियातल्या पेनांगचे. नवीन माणूस आला की चहा पाजून अगदी मायेने जन्मवेळ विचारतात. वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार खांब मांडायचे, प्रत्येक खांबावर एक तत्त्व आणि एक प्राणी, आणि त्यावरून माणसाचा स्वभाव. माझ्या दिवसाच्या खांबावर माती निघाली. बागेतली, ओली.

"माती धरून ठेवते," सर म्हणाले होते. "तू एका जागी राहून दुसऱ्यांना वाढवशील."

वर्णन चूक होतं असंही म्हणता येईना. मी शांत आहे, वस्तू जागच्या जागी ठेवते, वाद घालत नाही. पण मी अशी होते म्हणून तिथे बसवलं, की तिथे बसवलं म्हणून अशी झाले, हे तपासायला दुसरी इरावती उपलब्ध नव्हती.

मस्कतला हॅन्सेलचं नाव लागलं. हॅन्सेल वसईचा, माझ्यानंतर आलेला. माझी पद्धत वापरून मशीनवर तो काम करतो. त्यानेच मला चहाच्या वेळी सांगितलं.

"इरा, आईशपथ, मी मागितलं पण नव्हतं. सर बोलले, हॅन्सेल, तुझ्यात घोडा आहे. मी बोललो, सर, घरचे तर गाढव म्हणतात."

"कसला घोडा?"

"प्रवासाचा. ज्याच्या पत्रिकेत तो असतो त्याला बाहेर पाठवायचं. तुझ्यात नाय म्हणे. तू माती ना? मातीचा घोडा शोकेसमध्येच राहतो."

मी हसले. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच पंचाईत होती.

माहूजला घरी आल्यावर मी तो घोडा शोधायला बसले. माझं जन्मवर्ष ड्रॅगनचं. ड्रॅगनवाल्यांच्या एखाद्या खांबावर वाघ आला की तोच त्यांचा प्रवासाचा घोडा, आणि वाघाची वेळ पहाटे तीन ते पाच. माझा जन्म पाच वीसचा. वीस मिनिटांनी चुकला होता. मी लॅपटॉप मिटणार, एवढ्यात लक्षात आलं की हे जुने नियम घड्याळाचे नाहीत, सूर्याचे आहेत. आपलं भारतातलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं. माझं जन्मगाव चिपळूण त्याच्या बरंच पश्चिमेला. तिथे सूर्य छत्तीस मिनिटं उशिरा पोचतो. तारखेप्रमाणे सूर्याच्या वेळेत होणारा थोडा फरक धरला तरी माझा जन्म सूर्याच्या हिशोबाने पाचच्या आधीचा.

मी आईला फोन लावला.

"आई, माझी जन्मवेळ पाच वीस नक्की ना?"

"नक्की. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघून सांगितली होती." मग जरा सावध आवाजात, "का गं? स्थळ आलंय का कुठलं?"

"स्थळ नाही. माझ्या पत्रिकेत घोडा आहे का बघतेय."

"तिकडे घोडे कसले? उंट ना?"

दुसऱ्या दिवशी आकडेमोडीचा कागद मी लिम सरांसमोर ठेवला. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, हे सांगायचं ठरवलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर कागद कशाला आणला, हा प्रश्न आला असता. सर वाचत राहिले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

"मलेशियाची वेळ मी नेहमी दुरुस्त करतो," ते म्हणाले. "पण भारताच्या वेळेत तो जादा अर्धा तास असतो ना? मला वाटायचं, सूर्याचा हिशोब तुम्ही लोकांनी त्यातच करून ठेवलाय. फार सुंदर काम केलंस, इरावती."

"म्हणजे माझ्यात घोडा आहे."

"आहे! अगदी स्पष्ट आहे." त्यांनी चौथ्या खांबाभोवती पेनने गोल काढला. "वेळेच्या खांबात. हा खांब उतारवयाचा. पन्नाशीनंतर तू खूप फिरशील."

"आणि हॅन्सेल?"

"त्याचा महिन्याच्या खांबात. तरुणपणीचा. महिन्याला तुझी मिनिटं लागत नाहीत."

मी एक दार उघडलं होतं आणि आत पुन्हा तीच भिंत होती. मग, जे पहिल्यांदाच बोलायला हवं होतं ते मी बोलले. "सर, पद्धत मी बसवली. मशीन मला हॅन्सेलपेक्षा चांगलं कळतं. त्यालाही विचारा."

"मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच तर. तू गेलीस तर इथे काय उरेल?"

"मला हे पत्रिकेचं पटत नाही, सर."

"कसं पटत नाही?" त्यांना खरंच नवल वाटलं. "आत्ता तूच सिद्ध केलंस."

टेबलावर माझ्या अक्षरातला कागद होता. आकडे बरोबर होते. त्यातला एकही मला खोडता येईना.

पंधरवड्याने हॅन्सेल गेला. "काही अडलं तर फोन करीन हां," तो म्हणाला. मी म्हटलं, कर. त्याची जागा मला मिळेल असं वाटलं होतं, पण मशीनवर अग्नीवाला माणूस लागतो म्हणे. अर्ज मागवले गेले.

आता गुरुवारी दुपारी लिम सर माझ्या खोलीत येतात, खुर्ची ओढतात आणि भारतातून आलेले अर्ज पुढे ठेवतात. जन्मगाव आणि वेळ त्यांनी उमेदवारांकडून आधीच विचारून घेतलेली असते. परवा नागपूरच्या एका मुलीचा अर्ज होता. एम.एस्सी., मशीनचा तीन वर्षांचा अनुभव. जन्म सकाळी नऊ दहाचा.

"नागपूर किती?" सरांनी विचारलं.

"सर, तिला मशीनवर बसवून बघा ना. एक दिवस."

"बघू की. आधी हे. किती?"

चुकीचा आकडा सांगता आला असता. शून्य म्हटलं असतं तरी त्यांनी मान्य केलं असतं. माझ्या आकड्यांवर त्यांचा फार विश्वास आहे.

"साडेतेरा मिनिटं वजा," मी म्हटलं.

त्यांनी वजाबाकी केली. नऊच्या अलीकडे आलं. खांब बदलला. "अच्छा," असं म्हणून त्यांनी तिचा अर्ज उचलला आणि डावीकडच्या गठ्ठ्यातून उजवीकडच्या गठ्ठ्यात ठेवला. कोणता गठ्ठा कशाचा, हे मी विचारलं नाही. ते पुढचा अर्ज वाचत होते.

"आता हे सोलापूर."