शपथ देणारा बुंधा

मी एका जुन्या द्राक्षवेलीचा बुंधा बोलतोय. हातभर लांब, वाकडातिकडा, दोन्ही टोकांना करवतीने कापलेला. जुरा पर्वताच्या उतारावर नव्वद वर्षं उभा होतो, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता माणसं माझ्यापुढे गुडघे टेकतात!

ओनोरे माझा मालक. छाटणी करताना बडबडायचा, "काय म्हातारबा, थंडी वाजते का?" त्याचा धाकटा भाऊ फिर्मां हा गावच्या वाइनचं नाव राखणाऱ्या बंधुमंडळाचा प्रमुख. मरताना ओनोरेने त्याच्याकडून वचन घेतलं, "माझ्या वेली उपटू नकोस."

वसंत यायच्या आत फिर्मांने त्या उपटल्या, भरघोस पिकाच्या नव्या लावल्या. परगावच्या पुतणीला, ओदीलला, कळवलं की बुंधे रोगाने सडले होते. गावाला खरं माहीत होतं. पण मंडळाचे झगे घातल्यावर कोण बोलतंय? मला मात्र भावाची आठवण म्हणून मंडळाला दिलं.

तेव्हापासून दर जानेवारीत, द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हिन्सांच्या सणाला, फिर्मां मला नव्या सदस्याच्या खांद्यांना टेकवतो आणि शपथ सांगतो. "जुन्या वेलीला जपेन" म्हणताना त्याची मूठ घामेजते. त्याच क्षणी माझ्यावर आणखी एक हात येतो, गार, अंगठ्याला कात्रीचा घट्टा असलेला. ओनोरेचा. मला भीती वाटते.

यंदा ओदील सदस्य व्हायला आली. शपथेआधी बुंधा हातात घ्यायची रीत आहे. वेलींची कामं करणारी ती. तिने माझं कापलेलं टोक उजेडात धरलं. रोगट बुंधा आतून काळा पडतो. माझं लाकूड स्वच्छ होतं.

"काका, हा बाबांच्याच मळ्यातला ना?"

"पोरी, आटप लवकर, सूप गार होतंय!" मागून कुणीतरी हसत ओरडलं.

"हा सडलेला नाही, काका."

फिर्मां पुटपुटला, "टोपलीभरच द्राक्षं द्यायच्या गं त्या म्हाताऱ्या वेली."

"मग रोगाचं का सांगितलंत?"

त्याने मखमली टोपी काढली. "तुला तोंड कसं दाखवणार होतो?"

ओदीलने शपथ घेतली नाही. मला काखोटीला मारून ती निघाली. कुणी अडवलं नाही.

आता मी तिच्या शेकोटीपाशी पडून आहे. वेलीचं लाकूड छान जळतं. ती रोज मला उचलते, आगीकडे बघते, परत ठेवते.

ओनोरे अजून येतो. माझ्या आजूबाजूला चाचपत राहतो, बाकीच्या वेली शोधतो. त्याला कसं सांगू?

ओदील, मला जाळू नकोस गं. तुझ्या बाबांना हात ठेवायला दुसरं काही उरलेलं नाही.