मी थोआची गिटार

मित्रांनो, मी जुनी गिटार आहे. माझ्या पोटावर एक लांब चीर आहे, एक खुंटी भलत्याच गिटारीची आहे आणि हवा दमट झाली की माझा आवाज बसतो. पण म्हणून लगेच हळहळू नका. मला कोणाची कीव नको आहे. मला एक भांडण सांगायचे आहे, आणि त्यात मी कोणाच्या बाजूची ते आधीच सांगून टाकते. मी थोआच्या बाजूची आहे.

माझा जन्म सायगॉन शहरातल्या एका गल्लीत झाला. तिथे दारोदारी गिटारी दोरीला टांगलेल्या असत. माझी पाठ फणसाच्या लाकडाची, मान सरळ, अंगावर पिवळसर चकाकी. माझ्यात तसे विशेष काही नव्हते. नारळ विकायला आलेल्या बा लान्ह नावाच्या होडीवाल्याने मला उचलले, दोनदा टिचकी मारली आणि नारळांच्या ढिगावर ठेवून नदीवाटे काई बे या आपल्या गावी नेले.

घरी पोचताच त्याने पटाशी आणि कानस काढली. माझ्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत ना, त्यांना पडदे म्हणतात. दोन पडद्यांमधले लाकूड तो कोरू लागला. मित्रांनो, फार दुखले.

त्याची बायको चुलीपुढून ओरडली, "अहो, नवीकोरी वस्तू ती! फणस सोलावा तशी काय सोलताय?"

"सोलत नाही गं, बोलतं करतोय तिला."

"आणि मोडली तर?"

"मोडली तर चुलीत घाल. माझ्यासकट."

मी मोडले नाही. प्रत्येक पडद्यापाशी खळगा झाला. आता तार त्या खळग्यात दाबली की सूर वाकायचा, थरथरायचा, खाली जाऊन पुन्हा वर यायचा. आमच्या नदीकाठची गाणी अशीच आहेत. त्यांतला सूर सरळ उभा राहतच नाही. सरळ मानेच्या गिटारीला ती जमत नाहीत. त्या दिवसापासून मला जमू लागली.

बा लान्हने मला स्वतःसाठी आणले होते, पण वल्ही मारून मारून त्याची बोटे जाडजूड झाली होती. शेवटी मी गेले त्याच्या धाकट्या मुलीच्या मांडीवर. तिचे नाव थोआ. घरातल्या शेंडेफळाला आमच्याकडे ऊत म्हणतात, म्हणून सगळे तिला ऊतच म्हणत. राग आला की तिला खरोखरच ऊत यायचा, ही गोष्ट वेगळी. तिची बोटे बारीक पण हट्टी होती. एखादा सूर मनासारखा वाकला नाही की ती जेवायला उठत नसे.

एकदा एका घरी श्राद्धाचे जेवण होते. तिथे खिएम नावाचा नाटक कंपनीचा मालक आला होता. त्याची कंपनी होडीतून गावोगाव फिरायची आणि बाजाराच्या पटांगणात गाण्यांची नाटके करायची. माझा आवाज ऐकून तो पुढे आला.

"ही पोरगी वाजवते? बघू गं तुझे हात."

"हात कशाला बघता काका?" थोआ म्हणाली. "कान द्या."

खिएम हसला आणि त्याने तिला कंपनीत घेतले.

आमची जागा रंगमंचाच्या बाजूला, कापडी पडद्यामागे होती. थोआ एका उलट्या खोक्यावर बसायची. तिथून आम्हाला फक्त मुख्य गायकाच्या टाचा दिसत. त्याचे नाव हुई लाम. त्याचा गळा खरेच सुंदर होता, ते मी नाकारणार नाही. पण गाणे सुरू व्हायचे माझ्यापासून. आधी थोआ एकटी आलाप घ्यायची. त्यातून लामला सूर मिळायचा आणि लोकांच्या मनात गाण्याची जागा तयार व्हायची. मग लाम गात गात पहिल्या ओळीच्या शेवटी खालच्या सुरावर उतरायचा आणि पटांगण टाळ्यांनी फुटायचे. तो घाईचा माणूस होता, ताल सोडून पुढे पळायचा. अशा वेळी थोआ एक सूर लांबवर ओढून त्याला सांभाळून घ्यायची. लोकांना वाटायचे, वा, लाम काय थांबला!

नाटकाआधी खिएम भोंग्यावरून सगळ्यांची नावे पुकारायचा. नायिका, नायक, खलनायक, कपडे शिवणारा, इतकेच काय, राक्षस येताना धूर सोडणाऱ्याचेसुद्धा नाव यायचे. गिटारवालीचे कधीच नाही.

उसाचा रस विकणारी साउमावशी प्रत्येक खेळाला हजर असे. ती रंगमंचाजवळ येऊन विचारायची, "अरे, ती रडणारी तार कोणाची आहे?" तिला कोणी उत्तर देत नसे.

थोआने ते बराच काळ मनावर घेतले नाही. मग एकदा काई बे गावात खेळ होता. बा लान्ह धुतलेला सदरा घालून आला आणि अगदी पुढे बसला. खेळ संपल्यावर पडद्यामागे येऊन तो मुलीला म्हणाला, "माझे कान गेले वाटतं. तुझं नाव कधी घेतलं? मला ऐकूच आलं नाही."

"घेतलंच नाही, बाबा."

"चुकून राहिलं का?"

"नाही. कधीच घेत नाहीत."

माझ्या मानेवरून त्याने एकदा अंगठा फिरवला, "बरं," म्हणाला आणि होडीकडे चालू लागला. थोआ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी खेळाआधी ती खिएमपुढे जाऊन उभी राहिली. "काका, आज भोंग्यावर माझं नाव घ्या. गिटार, लान्हची थोआ. एवढंच."

"नाव घेऊन काय होणार गं? लोक लामला बघायला येतात. तू दिसतेस तरी का कोणाला?"

"दिसत नाही म्हणूनच तर सांगा."

लाम आरशापुढे तोंडाला रंग लावत होता. तो वळलासुद्धा नाही. "ऊत, उगाच डोकं फिरवून घेऊ नकोस. साथ ती साथ. भाताबरोबर तोंडी लावणं असतं ना, तसं."

"मग आज नुसता भात खा, लामदादा."

असे म्हणून थोआने मला उचलले, पडद्यामागून बाहेर आणले आणि प्रेक्षकांत, सगळ्यांत पुढे, जमिनीवर मांडी घालून बसली. मी तिच्या मांडीवर होते. प्रेक्षकांमधून मी पहिल्यांदाच रंगमंच पाहत होते.

पडदा उघडला. आलाप नाहीच. दोन तारांची सारंगी वाजवणाऱ्या आजोबांनी थोआकडे पाहिले आणि त्यांनीही गज खाली ठेवला. त्यांचेही नाव भोंग्यावर कधी आले नव्हते. लामने हिंमत केली आणि तसेच गायला सुरुवात केली. पण ओळीच्या शेवटी तो खाली उतरला तेव्हा सूर त्याला सापडला नाही. अंधारात पायरी चुकावी तसा तो सुराच्या बाजूला पडला. टाळ्या वाजल्या, पण अडखळत.

"आज मीठ विसरलात की काय?" साउमावशी मागून ओरडली. पटांगणभर हशा पिकला.

खिएम वाकून वाकून आमच्याजवळ आला. "पोरी, वाजव गं. नंतर बघू."

"नंतर नाही. आत्ता. भोंग्यावर."

"माझी इज्जत घालवतेस?"

"माझी तर कधी दिलीच नाहीत."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग खिएमने नाव पुकारले आणि सगळे उभे राहिले. तसे काही झाले नाही. तो दात आवळून परत गेला. लामने कसाबसा खेळ निभावला आणि सकाळी थोआला कंपनीतून काढले. ती बापाच्या होडीत बसून घरी आली. बा लान्ह वल्ही मारत होता. वाटेत तो एवढेच म्हणाला, "काल मीपण मागे उभा होतो. तू वाजवलं नाहीस, ते मला नीट ऐकू आलं."

पुढची वर्षे आमची लग्नांत आणि श्राद्धांत गेली. तिथे चटईवर गोल करून बसतात, गाणारा आणि वाजवणारा शेजारी शेजारी. पाहुणा आला की आधी विचारतो, "गिटारीवर कोण?" मग भाताच्या दारूचा पेला फिरतो आणि नावही फिरते. कालव्याकालव्यांतून थोआचे नाव होड्यांबरोबर गेले. भोंगा लागला नाही.

लाम शहरात गेला आणि मोठा झाला. कंपनीत असताना लाम, थोआ आणि मी मिळून रेडिओसाठी काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती आता कॅसेटवर निघाली. एकदा थोआ कॉफीच्या टपरीवर बसली होती आणि आतून माझाच आवाज आला. तिची बोटे मांडीवर आपोआप हलू लागली.

"कोणाचं गाणं हो हे?" तिने विचारले.

"लामचं! ओळखत नाही तुम्ही?"

"आणि गिटार?"

"गिटार काय, असते की," टपरीवाला म्हणाला आणि कप विसळू लागला.

त्या दिवशी ती कॉफी अर्धी टाकून उठली. घरी येऊन तिने तोच आलाप मला इतक्या जोरात वाजवायला लावला की एक तार तुटली.

मग चाकांवरचे मोठे कर्णे आले. गाण्यांची साथ त्यांतूनच वाजू लागली आणि लोक हातात माईक घेऊन त्यांवर स्वतःच गाऊ लागले. आम्हाला बोलावणी येईनाशी झाली. बा लान्ह गेला. थोआच्या मनगटात कळ यायला लागली आणि मी स्वयंपाकघराजवळच्या खिळ्याला लटकले. धुराने काळी झाले. पोटात पालीने अंडी घातली. ही चीर तेव्हाचीच.

अशात एका सकाळी दारात गाडी थांबली. हुई लाम उतरला. केस पांढरे, हातात काठी. बरोबर शहरातल्या एका प्रदर्शनाचा व्यवस्थापक होता, चुणचुणीत तरुण.

"आजी, या गिटारीसाठी आम्ही काचेचं कपाट करतोय," तो म्हणाला. "आत गार हवा, वरून दिवा. वाळवीची भीती नाही."

खोटे कशाला बोलू? मी भाळले. खिळ्यावर लटकणाऱ्या कोणालाही काचेचे कपाट आवडेल.

"पाटीवर काय लिहिणार?" थोआने विचारले.

"महान गायक हुई लाम यांच्या साथीची गिटार."

"आणि वाजवणारी?"

तरुण अडखळला. "खाली बारीक अक्षरात घालता येईल."

"बारीक का? शाई महाग झाली?"

लाम म्हणाला, "ऊत, लोक मला ओळखतात, तुला ओळखत नाहीत. यात माझा काय दोष?"

"थोडा तुझा आहे. जिथे तिथे तुला बोलायला माईक देतात. कधी एकदा तरी घेतलंस माझं नाव?"

थोआने मला खिळ्यावरून काढले, फडक्याने नव्हे, चक्क हाताने काजळी पुसली, खुंट्या पिळल्या आणि आलाप सुरू केला. मनगट दुखत होते, ते मला कळत होते. तरी ती थांबली नाही. सूर कधी नव्हे इतका खोल वाकला. ठरलेली जागा आली आणि जुन्या सवयीने लामने गायला तोंड उघडले.

थोआने एक बोट वर केले. "थांब. माझं अजून संपलं नाही."

तो थांबला. ती वाजवत राहिली, गाण्याच्या आधीचे, गाण्याच्या आतले, शब्दांच्या मधले सगळे. कुंपणापाशी शेजारचे लोक जमले. शेवटचा सूर विरला तेव्हा लाम हळूच म्हणाला, "एवढं सगळं होतं त्यात?"

"होतं. तू टाळ्यांत होतास."

लाम काठी टेकत उठला आणि तरुणाला म्हणाला, "चल. ही नाही मिळायची."

त्या प्रदर्शनात त्यांनी दुसरीच गिटार ठेवली आहे म्हणे, चकचकीत, आणि खाली तीच पाटी. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. काढू देत. ती पाटी खोटी आहे. मी इथे आहे, काई बे गावात, नदीकाठच्या ओट्यावर.

त्या सकाळी कुंपणापाशी उभ्या असलेल्यांपैकी काहींनी नंतर आपल्या मुली थोआकडे शिकायला धाडल्या. त्या मला पाडतात, माझ्यावर घाम गाळतात, मऊ भाताची खीर सांडतात. काचेपेक्षा हे बरे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल तर त्याला झाकून जपू नका, वाजवून जपा. आणि गाणे आवडले तर गाणाऱ्यापाशीच थांबू नका. मागे कोण वाजवत होते ते विचारा. सांगणारा "असते की" म्हणाला, तर पुन्हा विचारा. त्याला राग आला तरी चालेल.

आता मला पुरे करायला हवे. लाय नावाची एक मुलगी मला मांडीवर घेऊन बसली आहे. उद्या तिला लग्नात वाजवायचे आहे, म्हणून ती घाबरून माझ्या मानेत तोंड खुपसून बसते आणि आतून थोआचा आवाज येतो:

"मान वर कर गं! लोकांच्या डोळ्यांत बघून वाजव!"