रजईखालचा भात

रूता आमच्या घरी उतरली तेव्हा चुसोकला, पितरांना जेवू घालायच्या आमच्या सुगीच्या सणाला, चार दिवस होते. लिथुएनियाची पोरगी, पंचविशीची, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. मी नामहे बेटावर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, पण सणात कुणाला ठेवत नाही. घरची माणसं सांभाळतानाच नाकी नऊ येतात, त्यात परकी कुठे सांभाळू? हिला ठेवलं, कारण ही आमची भाषा बोलत होती. बोलत होती म्हणजे पुस्तकात शिकल्यासारखी. मांजरालासुद्धा विचारायची, "आपलं जेवण झालं का?"

माझा धाकटा भाऊ दोक-सू सणासाठी पुसानहून आला होता. हे ऐकून त्याला हसता हसता ठसका लागला.

"ताई, हिला कायमची ठेवून घे गं. या घरात मला कुणीतरी मान देईल!"

"आधी मान देण्यासारखं काहीतरी कर," मी म्हणाले.

रूता कामाला मात्र वाघीण. भांडी घासली, वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापायला आमच्याबरोबर डोंगरावर आली. फक्त सोंगप्योन तिला जमले नाहीत. तांदळाच्या पिठाच्या पारीत तीळ-साखर भरून मिटायचं, एवढंच काम, पण तिच्या हातात निम्मे फुटले. जिचे सोंगप्योन सुबक तिला लेक देखणी होते, असं आमच्याकडे म्हणतात. माझी ब्याऐंशी वर्षांची आई ते बघून म्हणाली, "असले वाकडेतिकडे वळतेस, मुलगी कशी निपजेल गं तुला?" पोरीनं गंभीरपणे मान तुकवून माफी मागितली. आई हसली. आईला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

त्याचं कारण माझा थोरला भाऊ चोंग-मान. बावीस वर्षांपूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर गेला आणि बोट परत आली नाही. सात जण होते. बाकी सहा घरांत श्राद्ध होतं, आमच्याकडे होत नाही. आई रोज सकाळी पातेल्यातला पहिला भात काशाच्या वाडग्यात काढते, वर झाकण घालते आणि आतल्या खोलीत, जिथं चुलीच्या धगीनं खालून तापणारी जमीन सगळ्यात ऊबदार असते तिथं, रजईखाली ठेवते. घराबाहेर गेलेल्या जिवंत माणसाचा भात असाच ठेवतात. मेलेल्याचा भात श्राद्धाच्या चौरंगावर मांडतात. आईनं चोंग-मानचा वाडगा चौरंगावर एकदाही येऊ दिला नाही.

मी भांडून भांडून थकले होते. "आई, बास कर आता. तो येणार नाही."

"तुला काय घाई झालीय गं त्याला मारायची?" ती म्हणायची.

सणाच्या सकाळी आम्ही चौरंग मांडत होतो. रूता थाळ्या नेऊन देत होती. दोक-सूनं तिची गंमत केली, "झाकणाचा एकही वाडगा मागं ठेवू नकोस हं. राहिला तर बाबा वर्षभर माझ्या स्वप्नात येऊन ओरडतात." तिनं मान डोलावली. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

दोक-सूनं वडिलांच्या नावाचा कागद घडीच्या पडद्यावर लावला, दारू ओतली, सगळ्यांनी दोनदा नमस्कार केला. मग त्यानं वडिलांच्या भातात चमचा उभा रोवला आणि आम्ही बाहेरच्या ओसरीवर आलो. नऊ घास खायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दार लावून बाहेर थांबायचं, ही आमच्या घरची रीत. सगळ्यात शेवटी रूता आली. दार तिनंच ओढून घेतलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचे नव्या कपड्यांत थडग्यांकडे निघाले होते. आई दाराकडे पाठ करून बसली होती.

आतून आवाज आला. काशावर चमचा लागल्याचा.

"मांजर शिरलं वाटतं," दोक-सू पुटपुटला.

मांजर रूताच्या पायाशी झोपलं होतं. आवाज थांबेना. भराभर, अधाशासारखं कुणीतरी जेवत होतं. मी घास मोजले. नऊ झाले, पंधरा झाले. शेवटी चमचा भांड्याच्या तळाला खरवडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

दार उघडण्याआधी घरच्या पुरुषानं तीनदा खाकरायचं असतं. दोक-सू दारापासून मागं सरकला.

"खाकर," आई म्हणाली.

तो कसाबसा खाकरला. मी दार सरकवलं. वडिलांचा भात जसाच्या तसा होता. चौरंगाच्या कोपऱ्यात दुसरा वाडगा होता, झाकण बाजूला काढलेलं. त्यात एक शीतही नव्हतं. खोलीत ओल्या दोरखंडाचा वास होता.

"हा इथं कुणी आणला?" मी ओरडले.

"मी आणला," रूता म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आपण तो रजईखाली विसरला होतात. मी झाकण काढून चमचा लावला. माझी काही चूक झाली का?"

मी तिला काय बोलले असते देव जाणे. पण आईनं हात वर केला. ती गुडघ्यांवर सरकत चौरंगापाशी गेली, वाडगा उचलला आणि आतून बोट फिरवलं. वाडगा धुऊन पुसल्यासारखा कोरडा होता.

"उपाशी होता," ती म्हणाली.

"आई..." मी म्हणाले.

"बावीस वर्षं मी त्याचा भात झाकून ठेवला, पिल-सुन. मेलेल्या माणसाला रजई कशी उचलता येईल?" तिचा आवाज अगदी साधा होता. "इथंच होता म्हणजे. माझ्या घरात, भाताशेजारी बसून, उपाशी."

मला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त लाज. इतकी वर्षं मी याच गोष्टीसाठी भांडत होते, आणि आता आईनं नाही म्हणावं, मला खोटं पाडावं, असं मला वाटत होतं.

"भात आण," आई म्हणाली.

सणाचा पांढरा भात संपला होता. मी रोजचा, काळे सोयाबीन घातलेला भात शिजवला. वाडगा भरला, चमचा रोवला, दार लावलं. पुन्हा तोच आवाज. रूता माझा हात घट्ट धरून बसली होती आणि मीही तो सोडवला नाही. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "अजून निघाला नाहीत का डोंगरावर?" मी मोकळ्या हातानं त्यांना पुढं जायची खूण केली.

दोक-सू खाकरला. मी दार उघडलं. वाडगा रिकामा होता.

"आणखी," आई म्हणाली.

तिसऱ्यांदा आवाज हळूहळू आला. मध्ये थांबला, पुन्हा आला, मग थांबलाच. आम्ही दार उघडलं. अर्धा भात शिल्लक होता. शेजारी उताणं ठेवलेल्या झाकणात सोयाबीनचे नऊ-दहा दाणे एका ओळीत मांडलेले होते.

दोक-सूनं तोंडावर हात दाबला. आम्हा तिघांनाही कळलं. चोंग-मानला सोयाबीन आवडत नसत. कडकडून भूक लागलेली असली की गुमान खायचा. पोट भरलं की एकेक दाणा वेचून झाकणात मांडायचा आणि आईचा धपाटा खायचा.

"पोट भरलं त्याचं," आई म्हणाली.

तिनं दोक-सूला कागद आणायला लावला, चोंग-मानचं नाव लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. कागद वडिलांच्या कागदाशेजारी लागल्यावर ती दोनदा वाकली. दुसऱ्यांदा वाकली ती उठलीच नाही. कपाळ जमिनीला टेकवून माझी आई बावीस वर्षांत पहिल्यांदा आपला मुलगा गेला म्हणून रडली.