उपाशी झाडाला माळ

झाड जांभळं झालं तेव्हा गावाला त्यात देव दिसला आणि मला गिऱ्हाईक. त्याची भूक फक्त माझ्या बापाला दिसली. खरं त्यांचंच होतं, पण ते मला पटायला सहा दिवस लागले.

आमचं गाव लोईच्या डोंगरात. डिसेंबरात पहाटे इथे तोंडातून वाफ निघते आणि बँकॉकचे लोक स्वेटर घालून फोटो काढायला येतात. घरापुढे पत्र्याखाली माझं नूडल्सचं दुकान आहे आणि घरामागे बाबांची बाग. गावात त्यांना सगळे ता सेंग म्हणतात. ता म्हणजे आजोबा. नातं लावल्याशिवाय हाक मारायची आमच्याकडे पद्धतच नाही. काका असेल तर लुंग, थोरली मावशी असेल तर पा.

माझ्या रश्श्यात गांजाची दोन पानं पडतात. ही आईची रीत. आता सरकारने घरोघरी लावायची मुभा दिली आहे, पण आईच्या काळात ते झाड गवती चहाच्या जाळीत लपवावं लागायचं. ठाण्याचे हवालदार आठवड्यातून तीनदा यायचे, वाडगं पुसून साफ करायचे आणि विचारायचे, "खाम्पुनताई, यात घालता तरी काय?" आई म्हणायची, "मन लावून करते, दुसरं काय!" हवालदार गंभीरपणे मान डोलवायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली. दर पावसाळ्यात बाबा तिनेच जपलेल्या बियांतून रोपं करायचे आणि शेवटी नवं बी धरून ठेवायचे. यंदा पावसाने अर्धी रोपं कुजवली, उरलेली कोंबड्यांनी खाल्ली. एकच झाड वाचलं, मादी. तिला बी धरलं नाही तर आईचं बियाणं संपलं. बाजारात हवं तेवढं बी मिळतं, पण बाबा त्याला बी मानत नाहीत. "पाकिटावर नाव हातभर लांब, आणि पानाला चव नाही," असं त्यांचं मत.

डिसेंबरच्या सुरुवातीला या झाडाचं खोड जांभळं पडायला लागलं. आधी देठ, मग पानांच्या शिरा, मग पानांची खालची बाजू. पिकल्या जांभळासारखा रंग. बाबांनी पान उलटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"उपाशी आहे ही," ते म्हणाले.

नेमका तेव्हाच लुंग थोंगसुक वाडगं घेऊन मागच्या दारात आला होता. हा माणूस दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला लॉटरीच्या सोडतीसाठी जगतो, मधले दिवस नुसते काढतो. दोन शेपट्यांची पाल असो की वाकडं केळफूल, त्याला सगळीकडे आकडे दिसतात. त्याने वाडगं खाली ठेवलं, झाडाला हात जोडले, घरून अंगाला लावायची पावडर आणली आणि खोडाला चोळली. मग पावडरीत आकडा उमटतो का ते नाक लावून बघत बसला.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला.

आणि सोळा तारखेला मेला सत्तेचाळीसच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दुकानापुढे अकरा स्कूटर उभ्या होत्या. दुपारपर्यंत झाडाला रंगीत फिती बांधून झाल्या, झेंडूची माळ पडली, लाल सरबताच्या बाटल्या नळ्या खोचून रांगेत लागल्या. आलेला माणूस रिकाम्या पोटी परत जात नाही. माझा रस्सा बाराच्या आत संपायला लागला. मी दुसरं पातेलं आणलं. तिसऱ्या दिवशी उधारीवर तिसरं आणलं. मला लाज वाटली का? अजिबात नाही. उलट सगळं कसं जमून आलंय असंच वाटत होतं.

झाडाचा ताबा पा लमूनने घेतला. देवळातल्या स्वयंपाकापासून गावातल्या लग्नांपर्यंत सगळं हीच बघते, कुणी सांगितलेलं नसलं तरी. तिने झाडाभोवती दोरी बांधली आणि जाहीर केलं, "कुणी खत घालायचं नाही, माती हलवायची नाही. रंग बदलला की ती निघून जाईल."

"कोण निघून जाईल?" बाबांनी विचारलं.

"जी आलीय ती."

"अगं, जी होती तीच निघालीय! खालची पानं बघ, कडेने करपतायत. मुळाशी सरबत ओतून चिखल केलात. गार चिखलात मुळांनी खायचं काय, कपाळ?"

"ता सेंग, तुम्ही झाडं लावता हे ठीक आहे. पण हे झाडापलीकडचं आहे."

बाबांनी आल्या-गेल्याला धरून सांगायला सुरुवात केली. की नुसतं खालचं पान पिवळं पडलं तर झाड म्हातारं होतंय किंवा शेणखत मागतंय. नुसत्या थंडीने जांभळं झालं तर घाबरू नये, तो तिचा शाल पांघरायचा प्रकार आहे. पण खोड जांभळं, पान काळपट हिरवं आणि कडक, आणि वर नवी फूट नाही, तर ती उपाशी. लोक आदराने ऐकायचे आणि विचारायचे, "म्हणजे आजोबा, आकडा कोणता?"

शेवटी ते माझ्याकडे आले. "वान, त्या लोकांना घालव. मला खत घालू दे."

"बाबा, सोडत होऊ दे की. नववर्षामुळे एक तारखेची यंदा तीसलाच आहे. तोवर काही मरत नाही ती."

"ती उपाशी आहे, आणि तू माझ्याकडे दिवस मागतेयस?"

"दुकान भरलंय बाबा! आयुष्यात पहिल्यांदा भरलंय."

त्या दिवसापासून त्यांनी माझा रस्सा खाणं बंद केलं. चिकट भाताचा गोळा मीठ-मिरचीत बुडवून दोरीशेजारी बसून खायचे, आणि तेही नेमके दुकानातल्या गिऱ्हाइकांना दिसेल असे. माझा बाप साधा वाटतो, पण माणसाला टोचायचं कुठे हे त्याला बरोबर कळतं.

सहाव्या दिवशी सकाळी गर्दी व्हायच्या आधी त्यांनी मला हाताला धरून झाडापाशी नेलं आणि माझं बोट एका तुऱ्यावर ठेवलं. "दाब."

मी दाबला. आत काही नव्हतं.

"मागच्या आळीतलं नर झाड पराग उधळून झडून गेलं. जे मिळायचं ते हिला मिळालंय. पण पोटात घालायला काही नाही, म्हणून बी भरत नाही. आठवडाभरात एक नवं पान नाही, वान. थंडीने जांभळं झालेलं झाड वाढत असतं. ही थांबलीय." मग म्हणाले, "तुझ्या आईने चाळीस वर्षं पोलिसांपासून वाचवली. आणि तू नूडल्सपायी घालवणार."

मला रडू आलं. मी भांडखोर बाई आहे, सहसा रडत नाही, पण त्या रिकाम्या तुऱ्याने रडवलं. दुकान, पातेली, अकरा स्कूटर, सगळं एकदम नकोसं झालं.

पण दोरी सोडली असती तर पा लमूनने सगळं गाव गोळा केलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. डोकं मला आईचं मिळालंय.

"बाबा, लोक खोडाला पावडर चोळतात आणि वर पाणी ओततात ना?"

"हो."

"मग पावडर आपण देऊ."

डोंगरातल्या देवळाच्या गुहेत वटवाघळं आहेत. त्यांच्या वाळक्या लेंड्या भिक्खू पोत्यात भरून शेतकऱ्यांना देतात. फुलावर आलेल्या झाडाला याच्याइतकं झटपट लागू पडणारं काही नाही. बाबा एक पोतं घेऊन आले. मी त्या माझ्या मिरचीच्या खलात कुटल्या, वस्त्रगाळ केल्या आणि वासाची पावडर मिसळली. खल नंतर टाकून दिला, हे गिऱ्हाइकांसाठी सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वच्छ सदरा घालून झाडाजवळ बसले. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, पण त्यांची जीभ अशी सुटली की मी भांडी घासायची थांबले.

"लाल सरबत आता नको. साखर सोडलीय तिने."

"हो का!" पा लमून म्हणाली.

"पावडर देवळातून आणलीय. चिमूटभर बुंध्याशी चोळायची, बोट कपाळाला लावायचं. वर एक वाटी कोमट पाणी, जास्त नाही. आणि आकडा मागायच्या आधी या काठीने माती जरा उकरायची, म्हणजे तिला ऐकू जातं."

"पण ता सेंग, माती हलवायची नाही असं मीच..."

"काल स्वप्नात आली होती," बाबा म्हणाले. "तुझं नाव घेऊन म्हणाली, लमूनने सुरुवात करावी."

पा लमूनने पदर सावरावा तसं खांद्यावरचं कापड सावरलं आणि गुडघ्यावर बसून सुरुवात केली. मातीची अशी मशागत मी बाबांच्या हातूनही पाहिली नव्हती. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं काठीने चिखल मोकळा करत होती, खत घालत होती, मापात पाणी देत होती आणि कपाळावर वटवाघळाची लेंडी मिरवत दुकानात येऊन नूडल्स खात होती. लुंग थोंगसुक तर दोन्ही गालांनाही लावायचा. मी मान खाली घालून रस्सा वाढत राहिले. वर बघितलं असतं तर हसून पातेलं सांडलं असतं.

सहा दिवसांत शेंड्याला फूट आली. हिरवी, पोपटी म्हणावी अशी. जुनी पानं जांभळीच राहिली, ती काही परत फिरत नाहीत. पण बाबांनी तुरा दाबला आणि माझ्याकडे पाहून डोळे मिटले. आत टणक लागत होतं.

तीस तारखेला गावात कुणालाही काही लागलं नाही. संध्याकाळी पा लमून वीस-पंचवीस माणसं घेऊन आली.

"शेंड्याचा रंग बदलला! ता सेंग, तुम्ही काहीतरी केलंत."

"मी नाही केलं. तुम्ही केलंत," बाबा म्हणाले. "ती पावडर म्हणजे गुहेतल्या वटवाघळांच्या लेंड्या. देवळातून आणलीय, हे खरंच सांगितलं होतं."

लुंग थोंगसुकने हळूच गालाला हात लावला आणि बोट हुंगलं. पा लमून माझ्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणाकडे गेली आणि कपाळ धूत राहिली. धुऊन झाल्यावर बाबांपुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता लाथ घालते झाडाला.

"सहा दिवस," ती म्हणाली. "सहा दिवस मी ते कपाळावर घेऊन भिक्खूंना भिक्षा वाढली."

"म्हणून तर जगली ती. खाम्पुनचं झाड आहे गं हे. हिच्यामागे दुसरं नव्हतं."

आई आणि पा लमून एकाच विहिरीवर मोठ्या झालेल्या. पा लमून झाडाकडे बघत राहिली, मग तिने स्वतःच्या हाताने दोरी सोडली. "आधी सांगायला काय झालं होतं म्हाताऱ्याला!" असं म्हणत चालती झाली. बाबा पंधरा दिवस घसा फोडून तेच सांगत होते, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस बी पिकलं. बाबांनी तुरे तळहातावर चोळले, फुंकर मारून भुसा उडवला आणि कागदाच्या पुड्या बांधल्या. एक लुंग थोंगसुकला, दोन पा लमूनला, बाकीच्या गावभर, ज्यांनी ज्यांनी काठीने माती उकरली होती त्यांना. शेवटची पुडी गेली तरी मी हात पुढे करून उभी.

"आणि मला?"

"तुला नाही."

"बाबा! पावडर माझ्या डोक्यातून निघाली."

"निघाली. पण त्याआधी तू माझ्याकडे दिवस मागितलेस." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "एका घरात एकच झाड ठेवलं की असं होतं. आता ते तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. पान हवं तर मागून आण."

तेव्हापासून मी रोज सकाळी टोपली घेऊन मागायला जाते. परवा पा लमूनच्या दारात गेले. तिची रोपं कमरेला लागतील एवढी झालीत. मी पानाला हात घातला तशी तिने माझ्या मनगटावर फटका मारला.

"आज नाही. खालची पानं बघ, पिवळी पडलीत. उपाशी आहे ती. आधी तिला खाऊ दे, मग तुझा रस्सा."

"पा, दोनच पानं. गिऱ्हाइकं बसलीत."

"बसू दे."

मी आणखी चार घरं फिरले. एकीकडे देठ लाल दिसत होता म्हणून नाही म्हणाले, दुसरीकडे कालच तोडलंय म्हणून. लुंग थोंगसुक तर पान उलटं करून मला शिकवायला बसला. रिकामी टोपली घेऊन घरी आले तेव्हा खूप राग आला होता, खोटं कशाला बोलू. आईचं झाड आता बारा घरांत आहे, आणि त्यातल्या एकाही घरात माझं काही चालत नाही.